सगुणाने ठोकलेलं बूच

सगुणाला राग आला की आधी पदर खोचला जायचा, मग हातात मोगरी यायची, आणि तोंडाचा पट्टा त्या दोन्हींच्या आधीच सुटलेला असायचा. झाडगावच्या उतारावर वैद्यांचा आसव-अरिष्टांचा कारखाना होता, तिथं सकाळी कुणी येऊन "सगुणाबाय आली काय?" असं विचारत नसे. आली असेल तर रस्त्यावरच ऐकू यायची.

कारखाना म्हणायचा एवढंच. एक लांब कौलारू पडवी, मागे काढे उकळायची भट्टी, आणि आतल्या काळोख्या खोलीत लाकडी पिंपं. त्या पिंपांत द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट महिना-महिना आंबत पडायचं. भट्टीशी केरू. आणि पडवीच्या तोंडाशी, उजेडात, चिऱ्याच्या ओट्यावर बाटल्यांच्या गराड्यात सगुणा. तिचं काम बूच मारायचं.

बूच मारणं म्हणजे बुडाला धरून वर टकाटक ठोकणं, असं ज्याला वाटत असेल त्याने सगुणासमोर ते बोलून दाखवू नये. केरूने एकदा बोलून दाखवलं होतं. बुचं आधी ऊन पाण्यात टाकायची, फळीखाली दाबून लोळवायची, नरम झाली की एकेक हातात फिरवून किडकं-भेगाळलेलं बाजूला काढायचं. मग बाटली दोन पायांत धरून बूच तोंडावर टेकवायचं आणि लाकडी मोगरीचा घाव. पहिला हळू, दुसरा नेमका, आणि तिसरा सगुणाचा. तो तिसरा घाव दुसऱ्या कुणाला कधी जमला नाही. त्यानंतर बाटलीची मान उकळत्या लाखेत बुडवायची, आणि लाख ओली असतानाच वैद्यांच्या नावाचा पितळी छाप दाबायचा.

ती कामाला लागली तेव्हा थोरले वैद्य हयात होते. त्या काळी मुंबईला गेलेल्या एका खोक्यातली बुचं वाटेत उडाली, आसव बाटल्यांभोवतीच्या पोत्यांत मुरलं, आणि थोरले वैद्य तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "सगुणे, बूच असं मार की माझं नाव आत राहिलं पाहिजे." ओरडले नाहीत. ओरडले असते तर तीही ओरडली असती आणि हिशेब मिटला असता. ते हळू बोलले, म्हणून ते तिच्या हाडात शिरलं.

आणि तिला घट्ट लावायची सवय काही कारखान्याने लावली नव्हती. नवरा रामजी मुंबईला गोदीत. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. मधल्या दिवसांत नाचणे गावातल्या त्या घरात ती आणि तिची मुलगी नंदा. एकट्या बाईचं दार वाऱ्याने वाजलं तरी शेजारी कान टवकारतात. एकदा दार वाऱ्याने वाजलं नव्हतं. बाहेरचा माणूस कोण होता ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आतून कडी घातली, कडीत खुंटी घातली, दाराशी जातं सरकवलं आणि कोयता घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिली. तेव्हापासून तिच्या हातून काही सैल सुटलं नाही. तांदळाचा डबा, लोणच्याच्या बरणीचा दादरा, विहिरीच्या दोराची गाठ, सगळं आवळलेलं. नंदाच्या वेण्यासुद्धा अशा, की पोरीचे डोळे तिरपे व्हायचे.

तर अशा सगुणासमोर एका सकाळी परटवण्यात राहणारे एक मास्तर बाटली घेऊन उभे राहिले.

"बाई, हे औषध आहे की तिजोरी?"

"तिजोरीच," सगुणा मान वर न करता म्हणाली. "आत काय हाय ते बगा, मग बोला."

"आत काय आहे ते बघायचंच तर भांडण आहे! दाभण घातलं, सुरी घातली. शेवटी बूचच आत पडलं. आता ओतायला गेलं की दारात येऊन बसतं, भालदारासारखं."

भट्टीजवळ केरू फिसकन हसला.

"तू काढा ढवळ, मेल्या," सगुणाने त्याला तिथूनच सुनावलं, आणि मास्तरांकडे वळली. "मास्तर, पुरुषमाणूस ना तुमी? एक बूच निघत नाय?"

"अहो, घरात मी आणि ही. मला दिसत नाही, तिच्या बोटांना संधिवात. संधिवाताचं औषध उघडायला संधिवात नसलेला माणूस रोज कुठून आणू?"

"आनि ढिलं मारलं नि वाटेत उडलं, तर तुमीच येणार बोंबलत!"

"मी कधी बोंबलत आलो?"

"हे आता काय करताव मग?"

मास्तरांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि ते सरळ आत दादांकडे गेले. दादा म्हणजे थोरल्या वैद्यांचा मुलगा, राजाराम. पुण्याला शिकून आलेला, मऊ बोलणारा. त्याच्या मऊ बोलण्याचाच सगुणाला राग यायचा. भांडायला बसलं की पकड सापडत नसे, पिकल्या फणसात हात घातल्यासारखं.

दुपारी दादा पडवीत आला तो मुठीत काहीतरी घेऊन. सगळ्यांना बोलावलं आणि मूठ उघडली. तळहातावर पांढरं, चकचकीत, बोटाच्या पेराएवढं, पातळ पत्र्याचं टोपण.

"आता आपल्या बाटल्यांना हे लागणार. आट्यांचं झाकण. पिळलं की उघडतं, पिळलं की बंद. खाली हे कडं दिसतंय ना? पहिल्यांदा उघडताना तुटतं. आधी कुणी उघडली असेल तर लगेच कळतं."

सगुणाने टोपण चिमटीत धरलं. वजनच नव्हतं त्याला. तिने जरा दाबलं तर चेपलं.

"ह्ये? ह्ये बाटलीला? दादा, ह्ये टमरेलालासुदा शोभायचं नाय."

"सगुणाबाई, लोकांना उघडता येत नाही हो."

"माजी लाख काय वाईट हाय? तिच्यावर तुमच्या बाबांचा छाप मारते, तो काय शोभेला?"

"लाख कुणीही वितळवून पुन्हा लावू शकतो."

"कोन लावतो? नाव घ्या!"

"कुणी लावली असं नाही म्हणत मी. मुंबईहून बुचं येतात ती आता निव्वळ भुसा. निम्मी तर तुम्हीच फेकता."

"मग चांगली मागवा! नवरा दारू पितो म्हणून कोन नवऱ्याच्या जागी धोंडा आनून ठेवत नाय!"

केरू म्हणाला, "काय सगुणाबाय, धोंडा निदान गप तरी बसतो."

"तू मधे बोलू नको. तुजी बायको मना रोज भेटते विहिरीवर. सांगू काय काय बोलते ता?"

केरू भट्टीकडे वळून काढा ढवळू लागला. पण दादा पुढचं बोलला आणि ते त्याने बोलायला नको होतं. "पुढच्या आठवड्यात यंत्र येतंय. टोपण घालायचं, वरून दांडा ओढायचा, की ते मानेवर दाबून बसतं. केरू चालवील. जोराचं काम आहे, बाईमाणसाला नाही जमणार. तुम्ही लेबलं चिकटवा, सावलीत बसून."

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेबलं! खळ लावायची! जिच्या तिसऱ्या घावावर हा कारखाना उभा, ती आता सावलीत बसून कागदाला खळ चोपडणार, आणि ज्याला काढा न करपवता ढवळता येत नाही तो केरू तिच्या बाटल्यांची तोंडं बंद करणार! तिने मोगरी ओट्यावर अशी आपटली की एक बाटली कलंडून वाहायला लागली. कुणी ती उचलली नाही.

"ऐका सगळे. ह्या टमरेलाच्या झाकनाला मी हात लावनार नाय. लावला तर किल्ल्यावरच्या भगवतीची आन हाय मना!"

केरूच्या हातातला डाव काढ्यात पडला. भगवतीची आण म्हणजे पोरखेळ नव्हे. घेतली की पाळायची, आणि पाळता आली नाही तर देवीच्या दारात जाऊन ती सोडवून घ्यायची.

घरी नंदा आलेली होती. पावस गावी दिली होती तिला; पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आली आणि मुलगी झाली. सगुणा सकाळी उठून पोरीला न्हाऊ घालायची, टाळूवर तेल भरायची, नंदाला शेक द्यायची आणि मग कारखान्याला निघायची. बाळंतिणीला दशमूलारिष्ट दोन वेळा. ते सगुणाने स्वतः भरून आणलं होतं. लेकीसाठी म्हणून टोपलीतलं सगळ्यात चांगलं बूच निवडलं, एरवीपेक्षा जोराने मारलं आणि मान लाखेत दोनदा बुडवली. तिच्याकडे लाड करायची हीच रीत होती.

पहिली बाटली तिने स्वतःच उघडून दिली होती. दाभण तापवून, लाख कोरून, बूच वळवत-वळवत काढायची तिची एक युक्ती होती. ती संपली तेव्हा नंदा म्हणाली, "आये, दुसरी उघडून ठेव गो जाताना. मना नाय निघत ती."

"ठेवते, ठेवते."

पण ती यंत्राची सकाळ होती. सगुणाच्या डोक्यात रात्रभर दांडा वर-खाली होत होता. पोरीला न्हाऊ घातलं तेवढंच. नंदाचा शेक अर्धा राहिला. "तो केरू दांडा धरनार," असं पुटपुटत ती उंबऱ्याबाहेर पडली. मागून नंदाने हाक मारली तीही तिने ऐकली नाही. बाटली कोनाड्यात तशीच उभी होती.

कारखान्यात यंत्र टेबलाला बोल्ट मारून बसवलेलं होतं. हिरवा रंग, वर लांब दांडा. दादाने नारळ फोडला. केरूने हात पुसले, बाटली खाली ठेवली, मानेवर टोपण चढवलं आणि बैलाची वेसण ओढावी तसा दांडा ओढला.

काडकन आवाज झाला. मान तुटून पडली, आणि द्राक्षासव दादाच्या पांढऱ्या लेंग्यावरून चपलांत उतरलं.

सगुणा हसली. मुळीच आवरून नाही, कमरेवर हात ठेवून, अख्ख्या उताराला ऐकू जाईल अशी. "दादा, लेबल चिकटवू काय तुमाला? आता तुमीच बाटली झालाव!"

"पुन्हा ओढ, जरा बेताने," दादा केरूला म्हणाला. दुसऱ्या बाटलीची मान गेली. तिसरीला टोपण बसलं, पण वाकडं. उलटी केली तर टपटप गळायला लागली.

सगुणाने ओट्यावरची आपली एक बाटली उचलली आणि केरूच्या छातीशी नेली. लाल लाख, वर वैद्यांचा छाप. "ही घे. जोराचं काम ना? तुजा सगळा जोर लाव. काढ बूच."

केरूने लाख नखांनी खरवडली. बुचाला बोटं लावली, मग दात लावले. मानेच्या शिरा फुगल्या. भट्टीवरचे दोघे-तिघे जमले, कुणी "ओढ रे, ओढ" म्हणायला लागलं. बूच जागचं हललं नाही. दादाने आतून पिळाचा स्क्रू आणला. तो बुचात शिरला, आणि ओढल्यावर मधला भुसा घेऊन एकटाच वर आला.

"बगितलाव?" सगुणाने पदर झटकला. "माजं बूच माज्याशिवाय कोनाला निघत नाय!"

ती संध्याकाळी घरी निघाली ती जिंकून. रस्ताभर ती आपलंच वाक्य पुन्हा-पुन्हा म्हणत होती. नंदाला केरूची नक्कल करून दाखवायची, दादाचा लेंगा दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं.

घरापुढच्या पायरीवर शेजारची काशी बसली होती, सगुणाच्या नातीला मांडीवर घेऊन. पायरीच्या चिऱ्यावर पाण्याने धुतलेला मोठा डाग होता. तांबड्या चिऱ्यावर तांबडा डाग एरवी दिसत नाही. हा दिसला.

"काय झालं?"

"आलीस?" काशी उठली नाही. "ये. बस. आधी दम खा."

"काय झालं ता बोल ना, काशी!"

"दुपारची चक्कर आली तिला. म्हनून औषध घ्यायला उठली. तुजं बूच काय निघंना. सुरी लावली, दात लावले. मग रागानं बाटलीची मान पायरीवर आपटली. कोनाची लेक हाय ती! काच हातात घुसली. मी आले तेव्हा पोर रडत होती नि ही पदरात हात गुंडाळून बसलेली. सिविलला नेली रिक्षानं. टाके पडलेत."

सगुणा आत धावली. नंदा भिंतीला टेकून होती, उजवा तळहात पांढऱ्या पट्टीत, तोंड पट्टीसारखंच. आईच्या तोंडून माया निघायला हवी होती. निघाला तो राग. सगुणाकडे सगळ्याची सुरुवात तिथूनच व्हायची.

"दम नाय निघाला तुना? मी येईपर्यंत थांबली असतीस तर काय जात होतं?"

नंदाने मान वर केली. तिचे डोळे आईसारखेच होते, हे सगुणाने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"थांबू? अजून किती थांबू गो?" नंदा म्हणाली. "लहानपनापास्नं थांबतेच हाय! शाळेतनं यायचे, भूक लागलेली असायची, नि पोह्यांच्या डब्याचं झाकन निघायचं नाय. डबा मांडीवर घेऊन बसायचे, तू येशील म्हनून. विहिरीच्या दोराची गाठ सुटायची नाय, तहान लागली तरी थांब. दाराची खुंटी निघायची नाय, परसात जायचं तरी थांब. सगळं तू असं लावून जायचीस की तुज्याशिवाय कोनाला उघडता येऊ नये!"

"मी चोराचिलटासाठी लावायचे! कोन होतं आपल्याला?"

"चोर कधी आला नाय, आये. आत मीच होते."

काशी दारात उभी राहून दुसरीकडे बघायला लागली.

"आनि ऐक," नंदा म्हणाली. आता आवाज खाली आला होता, तो जास्त वाईट. "बुचाच्या बाटलीतला एक थेंब मी घेनार नाय. चक्कर येऊन पडले तरी. मना उघडता येईल अशी आन, नायतर आनू नको."

सगुणा मागल्या दारी गेली. तिथं काशीने काचा सुपात गोळा करून ठेवल्या होत्या. त्यात बाटलीची मान होती, तुटलेली, दातेरी. आणि त्या मानेत बूच जसंच्या तसं होतं. लाख थोडी कोरलेली, पण छाप शाबूत. बाटली फुटली होती, लेकीचा हात फाटला होता, औषध मातीत गेलं होतं, आणि बूच तेवढं आपल्या जागी घट्ट बसलं होतं, वैद्यांचं नाव मिरवत.

तिने मानेला फडकं गुंडाळलं आणि बूच ओढलं. दाभण नाही, युक्ती नाही. नंदाने ओढलं असेल तसं, नुसत्या बोटांनी. निघालं नाही. पिळलं, दात लावले. लाखेची कडू चव जिभेवर आली. तिने ओढ-ओढ ओढलं, शिव्या दिल्या. बुचाला, वैद्यांना, रामजीला, त्या जुन्या दारामागच्या माणसाला. मग शिव्या द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ती मान मुठीत धरून चुलीच्या राखेकडे बघत बसली.

सकाळी ती कारखान्यात उशिरा आली. केरू यंत्राजवळ होता, पायाशी फुटक्या मानांचा ढीग. सगुणा सरळ दादाच्या टेबलाशी गेली आणि बुचासकट ती तुटकी मान त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"काल बोलले ना, माजं बूच कोनाला निघत नाय? नाय निघालं. माज्या लेकीला टाके पडले." ती हे असं बोलली की जणू टाके दादानेच घातले होते. "लावा तुमची टोपनं. पन यंत्रावर मी बसनार."

दादा उठून उभा राहिला. "नंदा कशी आहे?"

"हाय. यंत्राचं बोला."

"अहो, पण तुम्ही भगवतीची आण..."

"पहाटे किल्ल्यावर जाऊन नारळ दिला. देवीला सांगितलं, तोंड माजं, चूक माजी, सोडव. तिनं सोडवलं. आता तुमी सोडवा."

"सगुणाबाई, दांडा जड आहे. बाईमाणसाला..."

"बाईमाणसाला!" पडवीतली कौलं हलली असतील. "इतकी वर्षं मोगरी कोन मारत होतं, तुमचे काका? बाळंतीन होते ती बाईमानूस, औषध पिते ती बाईमानूस, बाटली उघडताना हात फाडून घेते ती बाईमानूस, नि दांडा तेवढा बाप्याचा? ह्या बाप्यानं काल किती माना मोडल्यान, त्या बगा जरा!"

केरू बाजूला झाला. खरं सांगायचं तर सुटकेचा श्वास सोडून झाला. "घे गो बाय. माजे खांदे भरून आलेत."

सगुणाने पदर खोचला, बाटली ठेवली, टोपण चढवलं, दांडा धरला. आणि ओढला, तिसऱ्या घावाच्या जोराने.

काडकन.

कुणी हसलं नाही. केरूसुद्धा नाही, आणि त्याचं न हसणं तिला जास्त लागलं. तिने दुसरी बाटली ठेवली. तीही गेली. तिसरीची मान राहिली, पण टोपणाला चीर पडली. तिने आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या कुणाचा असता तर तिने त्याला नोकरीवरून काढला असता.

"सगुणाबाय," केरू लांबूनच म्हणाला, "ताकत नको बहुतेक त्याला."

"मना शिकवू नको!"

"मी कशाला शिकवू? मी स्वतः मोडल्या ना. ताकतीनंच मोडल्या."

ती दांडा धरून नुसती उभी राहिली. सकाळी नातीला न्हाऊ घालताना हाच हात होता. टाळूवर तेल घालताना हाच हात कसा राहायचा! तिथं कातडीखाली मऊ धडधडतं. त्यावर बोट टेकवायचं, दाबायचं नाही, नुसतं तिथं असायचं. तो हात तिच्याकडे होताच. तिने तो कारखान्यात कधी आणला नव्हता, एवढंच. कुणाला दिसला असता तर?

आता सगळे बघत होते. बघोत मेले. तिने दात आवळले आणि दांडा पूर्ण मुठीत न धरता बोटांवर घेतला. हळूच खाली आणला. आतली चाकं मानेभोवती फिरली, किंचित कुरकुरली. दांडा वर गेला. टोपण सरळ बसलं होतं. तिने बाटली उलटी धरली. थेंब नाही.

"झालं!" दादा म्हणाला.

"झालं काय, दिसतंय मना," ती खेकसली. "बघत काय उभे हाव? बाटल्या आना!"

दिवसभरात तिने आणखी काही फोडल्या आणि प्रत्येक वेळी यंत्राला, बाटलीला आणि दादाच्या पुण्याच्या शिक्षणाला वेगवेगळ्या शिव्या दिल्या. संध्याकाळी टोपणाची एक बाटली फडक्यात बांधून घेतली. परटवण्याच्या मास्तरांनाही एक पाठवली, केरूच्या हाती, निरोपासकट: "उघडली नाय तर आता बोंबलायला या, मी हाय."

घरी नंदा पोरीला थोपटत होती. सगुणाने बाटली तिच्यापुढे ठेवली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली, हात आपणहून पुढे जाईल या भीतीने.

"उघड."

नंदाने पट्टीच्या हाताने बाटली काखेत दाबली आणि डाव्या हाताने टोपण पिळलं. कर्र. कडं तुटलं, टोपण तिच्या बोटांत आलं.

"उघडली?" सगुणाचे डोळे विस्फारले. "एवढ्यात? डाव्या हातानं? जरासुदा धरून ठेवली नाय?"

"नाय, आये."

"मग काय कामाची ती मेली!"

नंदा हसली. मोजून दोन चमचे औषध घेतलं, कडवट तोंड केलं आणि पोरीकडे वळली. सगुणाने बाटली उचलली, टोपण लावलं आणि पिळलं. जुन्या सवयीने पिळलं, दातओठ खाऊन, मनगट फिरेल तिथपर्यंत. मग तिचं लक्ष गेलं. नंदा नुसती बघत होती, टोपणाकडे आणि आईच्या मनगटाकडे.

"काय बगतेस? लावू नको काय? मुंग्या लागतील ना!"

नंदाची नजर टोपणावरून हलली नाही.

"उघडंच टाकते मग सगळं घर!" सगुणा कडाडली. आणि धुसफुसत, जणू कुणी तिच्या मानेवर कोयता धरलाय अशी, तिने टोपण अर्धा आटा मागे फिरवलं आणि बाटली नंदाच्या डाव्या हाताशी ठेवली.